साभार परत : एकदाच वापरायच्या वाहिनीचा इतिहास

मराठी नियतकालिकांकडे कधीकाळी लेखन पाठवलेल्या कोणालाही एक सूचना पाठ असते. लेखनासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट जोडावे. अन्यथा साहित्य परत पाठवले जाणार नाही. या पाकिटाचे स्वरूप आपण सहसा निरखून पाहत नाही. ते एकदाच वापरता येते. ते कोणाकडे जायचे हे आधीच ठरलेले असते. पाकीट संपादकाच्या हाती असते आणि त्याची वाट लेखक पाहत असतो. त्यातून दोनच गोष्टी येणे अपेक्षित असते : स्वीकृतीचे पत्र किंवा 'साभार परत'. प्रत्यक्षात मात्र तिसरी शक्यताही असते आणि तीच सर्वांत क्लेशदायक ठरते. पाकीट येतच नाही. संपादक अजून विचार करीत आहेत, की हस्तलिखित गहाळ झाले, की नियतकालिकच बंद पडले, हे जाणून घेण्याचा मार्ग लेखकापाशी नसतो. नकार सोसता येतो. मौनाचा अर्थ लावता येत नाही.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही नेमके असेच एक पाकीट घडवावे लागले. त्याला आज 'वनशॉट चॅनेल', म्हणजे एकदाच वापरायची वाहिनी, असे म्हणतात. या छोट्याशा साधनाचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडायचा आहे. भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी या भानगडीत का पडावे, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे एक उत्तर असे की, या इतिहासातले कळीचे शब्द यंत्रशास्त्रातून आलेले नाहीत. ते वचन, भविष्य, दावा, वचनभंग असे माणसामाणसांतल्या व्यवहाराचे शब्द आहेत. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. हा इतिहास वरवर पाहता वेगाचा वाटतो. आमच्या मते तो मौनाला रूप देण्याचा इतिहास आहे.

प्रथम प्रश्न समजून घेऊ. एका ग्रंथालयाची तालिका संगणकावर आहे आणि एकाच वेळी शंभर वाचक तीत शोध घेत आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येक वाचकासाठी आज्ञावलीत एक स्वतंत्र 'टास्क', म्हणजे कार्य, चालू असते. ही कार्ये असमकालिक असतात. म्हणजे ती एकमेकांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालत नाहीत. एखाद्या कार्याला कशाची वाट पाहायची वेळ आली की ते बाजूला बसते आणि यंत्र दुसरे कार्य पुढे नेते. चुलीवर भात चढवून कोणी भाजी चिरायला घ्यावी, तसा हा प्रकार आहे. आता तालिका एकच असल्याने तिची राखण एकाच कार्याकडे सोपवली आहे. शंभर जण आपापला प्रश्न त्याच्या टपालपेटीत टाकतात. प्रश्न जाण्याची वाट सोपी आहे. ती सर्वांना समाईक आहे. अवघड आहे ती उत्तराची वाट. उत्तर ज्याने विचारले त्यालाच मिळाले पाहिजे, एकदाच मिळाले पाहिजे आणि मिळणार नसेल तर तसे कळले पाहिजे.

आरंभीच्या काळात कार्यांमधला व्यवहार निरोपांचा नव्हताच. समाईक स्मृतीत एकाने लिहायचे व दुसऱ्याने वाचायचे, आणि दोघांची टक्कर होऊ नये म्हणून मध्ये पहारा ठेवायचा, अशी रीत होती. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ च्या सुमारास या पहाऱ्यासाठी 'सेमाफोर' ही कल्पना मांडली. हा शब्द रेल्वेच्या हात वर-खाली करणाऱ्या सिग्नलचा आहे. सिग्नल गाडीला थांबवतो किंवा जाऊ देतो. तिला काही सांगत मात्र नाही. टोनी होअर यांनी १९७८ साली संवाद करणाऱ्या क्रमबद्ध प्रक्रियांविषयीचा प्रसिद्ध निबंध लिहिला आणि निरोप देणे-घेणे हीच मूलभूत क्रिया मानावी, असा आग्रह धरला. त्या निबंधात प्रक्रिया एकमेकींना थेट नावाने हाक मारतात. नाव असलेली वाहिनी मध्यस्थ म्हणून होअर यांच्याकडे ठळकपणे आली ती १९८५ च्या ग्रंथात. त्याआधी १९८३ मध्ये, त्यांच्याच विचारातून ब्रिस्टलच्या 'इनमॉस' कंपनीत 'ऑकम' ही भाषा घडली होती. ऑकममधली वाहिनी दोनच प्रक्रियांना जोडते. एक बोलणारी, एक ऐकणारी. मात्र ती वाहिनी नळासारखी आहे. एकदा जोडली की तिच्यातून निरोपामागून निरोप वाहत राहतात. एका प्रश्नाच्या एका उत्तरासाठी नळ जोडणे हा अतिरेक झाला असता.

एकाच उत्तराची कल्पना वेगळ्या घराण्यातून आली. १९७६ मध्ये डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनी, अजून हाती न आलेल्या मूल्याच्या जागी ठेवायच्या वस्तूला 'प्रॉमिस' म्हटले. त्याच वर्षी पीटर हिबर्ड यांनी जवळपास त्याच गोष्टीला 'इव्हेंच्युअल', म्हणजे कालांतराने होणारे, असे नाव दिले. पुढच्याच वर्षी हेन्री बेकर व कार्ल ह्युइट यांनी 'फ्यूचर' हा शब्द वापरला. तीन नावे, तीन छटा. 'फ्यूचर' कालवाचक आहे. ते फक्त 'अजून नाही' एवढेच सांगते. 'इव्हेंच्युअल' घटनेच्या निश्चितीवर भर देते. 'प्रॉमिस' मात्र नीतीच्या प्रांतात शिरते. वचन म्हटले की देणारा आला, घेणारा आला आणि ते मोडण्याची शक्यताही आली. फ्रीडमन-वाइज यांना एवढे अभिप्रेत होते असे आम्ही म्हणणार नाही; पण शब्द आपल्यासोबत आपले गोत्र घेऊन येतात आणि पुढच्या पिढ्यांना ते गोत्र ओळखावे लागते.

बेकर आणि ह्युइट यांच्या १९७७ च्या निबंधाचे शीर्षकही लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांचा विषय होता प्रक्रियांचा केरकचरा टप्प्याटप्प्याने गोळा करणे. एखाद्या फ्यूचरचे मूल्य काढण्यासाठी एक प्रक्रिया राबत आहे, पण दरम्यान ते मूल्य हवे असणारा कोणी उरलाच नाही. अशा प्रक्रियेचे काय करायचे? तिला थांबवून तिची जागा मोकळी करायची, असे त्यांचे उत्तर होते. म्हणजे ज्या निबंधाने भविष्याला नाव दिले, त्याच निबंधाने वाट पाहणाराच निघून गेला तर काय, हा प्रश्नही विचारला. पुढे १९८५ मध्ये रॉबर्ट हॅल्स्टेड यांनी 'मल्टिलिस्प' भाषेत फ्यूचर हे प्रत्यक्ष वापरायचे साधन केले. आज्ञावलीत कोणत्याही पदावलीमागे 'फ्यूचर' लिहिले की तिचे गणन बाजूला सुरू होते. हाती लगेच एक रिकामी चौकट पडते आणि कोणी तिच्या मूल्याला स्पर्श केला तरच त्याला थांबावे लागते.

चौकट एकदाच भरायची, हा दंडक दुसऱ्या दोन ठिकाणी अधिक काटेकोरपणे पाळला गेला. एक ठिकाण एमआयटी. आयआयटी कानपूरमध्ये शिकून अमेरिकेत गेलेले, एकाच नावाने ओळखले जाणारे संशोधक अरविंद (निधन २०२४) यांनी ऋषीयूर निखिल आणि केशव पिंगळी यांच्यासह 'आय-स्ट्रक्चर' ही रचना १९८९ च्या निबंधात सविस्तर मांडली. तिच्यातले प्रत्येक घर आरंभी रिकामे असते. भरण्याआधी वाचायला आलेला तिथेच थांबतो; दुसऱ्यांदा भरायला आलेला चूक करतो. दुसरे ठिकाण इस्राएल. एहुद शापिरो यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या 'कॉन्करंट प्रोलॉग' भाषेत अपुरा निरोप नावाची युक्ती आहे. प्रश्न पाठवताना त्यात एक मोकळे चल ठेवायचे. उत्तर देणाऱ्याने नवा निरोप पाठवायचा नाही, तर तेच चल भरायचे. प्रश्नातच उत्तराची रिकामी जागा गुंफून पाठवलेली! हेच ते पत्ता लिहिलेले, तिकिटे लावलेले पाकीट. ग्रंथालयाच्या आपल्या उदाहरणात आज नेमके हेच केले जाते. समाईक टपालपेटीत टाकलेल्या प्रत्येक प्रश्नासोबत एकेका वनशॉट वाहिनीचे बोलते टोक जोडलेले असते आणि ऐकते टोक विचारणाऱ्यापाशी राहते.

इथपर्यंत सगळे एका यंत्राच्या चार भिंतींत घडत होते. बार्बरा लिस्कोव्ह आणि लिउबा श्रीरा यांनी १९८८ मध्ये प्रॉमिस ही कल्पना जाळ्याने जोडलेल्या दूरदूरच्या यंत्रांमध्ये नेली आणि तिथे तिचे स्वरूप बदलले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात 'भाषिक आधार' असा शब्दप्रयोग आहे, हे आमच्या वाचकांनी आवर्जून ध्यानात घ्यावे. असमकालिक विनंत्यांचे उत्तर पुढे केव्हा तरी मिळवता यावे, यासाठी तंत्र पुरेसे नाही, भाषेत त्याला जागा हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे प्रॉमिस दोन अवस्थांत असते : अडलेले किंवा सिद्ध. मूल्य मिळवण्याच्या क्रियेला त्यांनी 'क्लेम', म्हणजे दावा, म्हटले. दूरचे यंत्र कोलमडू शकते, तार तुटू शकते. म्हणून सिद्ध झालेल्या प्रॉमिसमध्ये उत्तरच असेल असे नाही. अपवादही असेल आणि 'उपलब्ध नाही' हा त्यांतला एक. दावा करणाऱ्याच्या हाती दोहोंपैकी एक पडते. वचनाच्या कल्पनेत वचनभंग हा असा रीतसर समाविष्ट झाला. नकारालाही उत्तराचाच दर्जा मिळाला.

'एकदाच' या शब्दाची मीमांसा मात्र तर्कशास्त्राने केली. जाँ-इव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये रेषीय तर्कशास्त्र मांडले. परंपरागत तर्कात एखादे गृहीतक हवे तितक्या वेळा वापरता येते, न वापरता सोडूनही देता येते. जिरार यांच्या पद्धतीत ते नेमके एकदाच खर्च होते, खिशातल्या नाण्यासारखे. फिलिप वॉडलर यांनी १९९० मध्ये ही कल्पना आज्ञावलींच्या भाषांमधल्या प्रकारव्यवस्थेत आणून दाखवली. रॉबिन मिल्नर यांनी जोआखिम पॅरो व डेव्हिड वॉकर यांच्यासह १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'पाय-कॅल्क्युलस'मध्ये वाहिनीचे नावच दुसऱ्या वाहिनीतून निरोप म्हणून धाडता येते. हे दोन प्रवाह नाओकी कोबायाशी, बेंजामिन पियर्स व डेव्हिड टर्नर यांनी १९९६ मध्ये एकत्र आणले आणि नेमकी एकदाच वापरली जाणारी वाहिनी ही व्याकरणाने तपासता येण्याजोगी गोष्ट आहे, हे दाखवले.

येथे आपल्या भाषेतला एक शब्द फार उपयोगी पडतो. रामाला आपण एकवचनी म्हणतो. त्यालाच जोडून एकबाणीही म्हणतो. एकवचनी या विशेषणात दोन दावे दडलेले आहेत. एक, असा माणूस दोन वेळा दोन गोष्टी बोलणार नाही. दोन, बोललेले पुरे केल्यावाचून राहणार नाही. पहिला दावा 'जास्तीत जास्त एकदा' असा आहे आणि दुसरा 'निदान एकदा' असा. दोन्ही मिळून 'नेमके एकदा' होते. संगणकाच्या भाषांनी पहिला दावा तुलनेने सहज साधला. दुसऱ्याने मात्र सगळ्यांना जेरीस आणले. आज वापरात असलेल्या भाषा या दोन दाव्यांपुढे कशा वागतात हे पाहिले, तर प्रत्येकीचा स्वभाव उघड होतो.

जावास्क्रिप्टच्या प्रमाणभाषेत प्रॉमिस आले जून २०१५ मध्ये. तिथे एकदा पूर्ण झालेले प्रॉमिस दुसऱ्यांदा पूर्ण करू पाहिले, तर दुसरा प्रयत्न निमूटपणे दुर्लक्षिला जातो. आणि पूर्ण करणारा उत्तर न देताच नाहीसा झाला, तर प्रॉमिस कायमचे प्रलंबित राहते. कसलीही सूचना येत नाही. प्रतिसाद न देणाऱ्या संपादकाचे हे हुबेहूब चित्र आहे. सी-प्लस-प्लस भाषेने २०११ च्या प्रमाणीकरणात दोन टोकांना दोन नावे दिली : देणाऱ्याच्या हाती प्रॉमिस, घेणाऱ्याच्या हाती फ्यूचर. वचन देणाऱ्याचे आणि भविष्य वाट पाहणाऱ्याचे, ही वाटणी आम्हाला फार समर्पक वाटते. तिथे दुसऱ्यांदा मूल्य भरले तर आज्ञावली चालू असताना त्रुटी उद्भवते. आणि प्रॉमिस न पाळताच नष्ट झाले, तर वाट पाहणाऱ्याच्या हाती एक त्रुटी ठेवली जाते. तिचे अधिकृत नाव 'ब्रोकन प्रॉमिस', म्हणजे मोडलेले वचन, असेच आहे.

एरिक्सन कंपनीत १९८६ पासून घडत गेलेल्या अर्लांगने तिसरी वाट धरली. तिथे प्रश्नासोबत एक अद्वितीय खूण पाठवली जाते, उत्तर त्याच खुणेसह येते आणि उत्तर देणारी प्रक्रिया मरण पावली तर कळावे म्हणून तिच्यावर नजर ठेवता येते. पण विचारणाऱ्याने कंटाळून वाट पाहणे सोडल्यावर आलेले उशिराचे उत्तर त्याच्या टपालपेटीत बेवारस पडून राहू शकत असे. २०२१ साली आलेल्या चोविसाव्या आवृत्तीत उत्तरापुरते तात्पुरते टोपणनाव घेण्याची सोय झाली. ते टोपणनाव मागे घेतले की उशिरा आलेला निरोप आपोआप गळून पडतो. पहिल्या उत्तरासरशीच रद्द होणारे टोपणनावही तिथे घेता येते. टपालपेटी कायमची आणि पत्ता एकदाचा, अशी ती तडजोड आहे.

चौथी भाषा रस्ट. तिची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये आली आणि असमकालिक लेखनाची सोय नोव्हेंबर २०१९ मध्ये स्थिरावली. 'टोकियो' नावाच्या तिच्या प्रसिद्ध लायब्ररीत वनशॉट वाहिनी आहे. रस्टमध्ये प्रत्येक वस्तूला एक मालक असतो आणि वस्तू दुसऱ्याच्या हवाली केली की पहिल्याचा हक्क संपतो. या वाहिनीतून निरोप पाठवण्याची क्रिया बोलते टोकच गिळून टाकते. दुसऱ्यांदा पाठवायला टोकच शिल्लक नसते. तशी आज्ञावली लिहिली तर भाषांतरकच ती नाकारतो. म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये जे दुर्लक्षिले जाते आणि सी-प्लस-प्लसमध्ये जी चालताना घडणारी चूक असते, ते इथे व्याकरणदृष्ट्या अशुद्ध वाक्य ठरते. एकवचनीपणाचा पहिला दावा असा व्याकरणातच रुजला.

दुसऱ्या दाव्यासाठी मात्र व्याकरण पुरत नाही. रस्ट 'जास्तीत जास्त एकदा' बजावते. 'निदान एकदा' बजावत नाही. बोलते टोक न वापरता टाकून देण्याची मुभा आहे. पण ते टाकले जाताच ऐकत्या टोकाला त्रुटी मिळते आणि त्याची प्रतीक्षा संपते. संपादकाने हस्तलिखित केराच्या टोपलीत टाकताक्षणी पाकीट आपण होऊन लेखकाकडे निघावे, तसे. उलट बाजूही सांभाळलेली आहे. विचारणारा निघून गेल्यावर उत्तर पाठवले, तर ते मूल्य पाठवणाऱ्याच्या हाती परत येते. अक्षरशः साभार परत. शिवाय घेणारा उरला आहे की नाही, हे काम चालू असतानाही पाहता येते व उरला नसेल तर काम सोडून देता येते. बेकर-ह्युइट यांनी १९७७ मध्ये विचारलेला प्रश्न असा चार दशकांनी एका साध्या साधनाच्या दोन टोकांत सामावला.

तरीही एक फट उरतेच. संपादक हयात आहे, पाकीट त्याच्या खणात आहे आणि तो काहीच करीत नाही. वनशॉट वाहिनीत बोलते टोक कोणी नुसते धरून ठेवले, तर ऐकते टोक अनंतकाळ थांबेल. ही रस्टची उणीव नव्हे. चालू असलेली आज्ञावली केव्हा तरी उत्तर देईल की नाही, हे सर्वच बाबतींत आधी ठरवून देणारी सार्वत्रिक पद्धत असू शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या निबंधातून निष्पन्न होते. दूरदूरच्या यंत्रांबाबत मायकेल फिशर, नॅन्सी लिंच व मायकेल पॅटरसन यांनी १९८५ मध्ये आणखी एक मर्यादा सिद्ध केली. निरोपाला किती वेळ लागेल याला बंधन नसेल, तर मंद यंत्र आणि मेलेले यंत्र यांत फरक करता येत नाही. आणि एखादेही यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर सर्वांचे एकमत नेहमी होईलच अशी हमी देणारी निश्चित पद्धत असू शकत नाही. म्हणून शेवटी मुदत घालावी लागते : इतके सेकंद थांबू, मग नाही असे समजू. मुदत हे ज्ञान नव्हे, तो निर्णय आहे. लेखकही सहा महिन्यांनी तोच निर्णय घेतो आणि कविता दुसरीकडे पाठवतो.

या इतिहासाचे सार आम्हाला असे दिसते. आरंभी मौन ही केवळ रिकामी जागा होती. १९७६-७७ मध्ये त्या जागेला नाव मिळाले. १९८८ मध्ये तिच्यात नकाराला स्थान मिळाले. नव्वदच्या दशकात 'एकदाच' या शब्दाला व्याकरण लाभले आणि नंतरच्या भाषांनी मौनाचे दोन भाग पाडले : 'अजून नाही' आणि 'कधीच नाही'. दुसऱ्या भागातले जेवढे ओळखता येते तेवढे त्यांनी बोलके केले. उरलेले मौन मुळातूनच अबोल आहे, हे तर आधीच सिद्ध झाले होते. वचन पाळले जाईलच याची हमी कोणत्याही भाषेला देता आलेली नाही. ते मोडले गेले तर वाट पाहणाऱ्याला कळेल, एवढी सोय मात्र काही भाषांनी केली. ही सोय लहान नाही. 'पाहतो', 'कळवतो' हे शब्द आपल्या महाविद्यालयांत, कचेऱ्यांत आणि नियतकालिकांत आपणही रोज उच्चारतो. ज्याला आपण तसे म्हटले, तो एक टोक हाती धरून बसलेला असतो. आपल्या खणात त्याचे पाकीट असेल, तर स्वीकृती शक्य नसली तरी 'साभार परत' तरी त्याला लवकर पोचावे.